कोरड्या बोरवरची साळुंकी

वावटळीत घरट्यातून पडलेलं साळुंकीचं पिल्लू उंद्रीच्या केसरबाईनं भिजवलेल्या डाळीच्या पिठावर वाढवलं. महिनाभरात ते उडू लागलं, स्वतः नाकतोडे धरू लागलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

पण पाखरू नाकतोडा गिळत नव्हतं. धरलेला प्रत्येक किडा ते अंगणातल्या कोरड्या बोरच्या पाइपात टाकून यायचं. दिवसभर त्याच्या खेपा चालायच्या. छातीचं हाड वर आलं, तरी ते थांबेना.

"आत दुसरं पिल्लू पडलं असंन," नवरा पंजाबराव म्हणाले.

"दोनशे फूट खाली पडून वाचंन का ते?"

एका दुपारी पाखरू स्वतःच पाइपात उतरलं आणि वर आलंच नाही. केसरबाई रडकुंडीला आली. पंजाबरावांनी गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"लागलं का हाताले?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, हात काढा न बाहेर!"

"काढता येत नाई, केसर," पाळण्यापाशी बोलावं तितक्या हळू ते म्हणाले. "कोनीतरी बोट चोखून राह्यलं. अजून दात नाई आले त्याले."