मोरांसाठी मनोरा

केंदूरच्या जयसिंगआप्पांचा हिशेब पक्का होता. त्यांच्या रानातल्या चिंचांवर रोज मोर उतरायचे. तिथं सरकारी निधीतून मोर बघायचा मनोरा झाला की पुण्याचे पर्यटक येणार, अन् खाली आप्पांचं रसवंतीगृह धो धो चालणार.

"मोर दिसतील तिथंच मनोरा," असं आधीच बजावून साहेब पाहणीला आले. त्यांची गाडी दिसताच आप्पांनी थाटात बँड सुरू करवला आणि फटाक्यांची लांबलचक माळ लावली. सगळे मोर भुर्रकन ओढा ओलांडून शेजारच्या ताईबाईंच्या रानात जाऊन बसले. साहेबांनी मनोऱ्याची जागा तिथंच नक्की केली.

बँडवाले पैशासाठी ताटकळलेले बघून ताईबाई म्हणाल्या, "आप्पा, निम्मं मी देते की. मोर माझ्याकडं त्यांनीच धाडलं न्हवं?"