रविवारची इंग्रजी

भेटीच्या खोलीत इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, असा त्या कॉन्व्हेंटचा नियम होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक सिस्टर स्वेटर विणत बसलेली असे. तिचं लक्ष विणकामात कमी आणि बोलण्याकडे जास्त.

बाकावर तिथल्याच वसतिगृहात राहणारी नऊ वर्षांची प्रेमिला बसली. शेजारी, जरा अंतर सोडून, तिचे बाबा. रुपराव सकाळच्या एसटीनं काटोलहून नागपूरला आले होते. इंग्रजी म्हणजे त्यांना गुड, मदर, फादर एवढंच येई.

"गुड?" त्यांनी विचारलं.

"गुड," प्रेमिला म्हणाली.

रुपरावांनी हातातली पिशवी पायाशी ठेवली. मागच्या खेपेलाही भेट एवढ्यावरच सरली होती. धाकटा भाऊ चालायला लागला का, हे पोरीला विचारायचं होतं. पोट्टा भिंत धरून धरून चालतो आणि दारात जाऊन तुलाच हाका मारतो, हे रुपरावांना सांगायचं होतं. सिस्टरच्या सुया टकटक वाजत होत्या.

एकदम प्रेमिला सावरून बसली. तिच्या वर्गात या आठवड्यात नवे शब्द झाले होते. तिनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"क्रॅक."

रुपरावांनी भिंत पाहिली, मग पोरीचं तोंड पाहिलं.

"क्र्याक," ते म्हणाले.

प्रेमिलानं त्यांच्या कोपराकडे बोट नेलं. सदरा तिथं फाटला होता. "होल." रुपरावांनी त्या भोकात बोट घालून हलवून दाखवलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. त्यांना हुरूप आला. त्यांनी वहाण काढली, पाय उचलला आणि टाचेच्या भेगा तिच्यापुढे धरल्या.

"क्र्याक?"

"येस! येस!"

सिस्टरनं मान वर केली, पाय पाहिला आणि पुन्हा विणायला लागली.

आता प्रेमिलानं तोंडावरचा हात काढला आणि आ केला. समोरचा एक दात नव्हता. तिथं बोट लावून ती म्हणाली, "गॅप."

"अवं! कवा पडला वं?" रुपरावांच्या तोंडून निघून गेलं. "दुखलं का? कोठी टाकला तो दात?"

"प्लीज," सिस्टर म्हणाली.

रुपराव खाली पाहायला लागले. प्रेमिलानं हातानं खूण केली, लांब, तिकडे, कचऱ्यात. घरी असती तर तिनं तो कौलावर फेकला असता, आणि तिचा हात पोचावा म्हणून त्यांनी तिला खांद्यावर घेतलं असतं.

 मग रुपरावांनी पिशवीत हात घातला. एक संत्रं काढून बाकावर ठेवलं.

"मदर."

हातभर जागा सोडून दुसरं ठेवलं. "फादर."

दोन्ही हात जोडून त्यांनी गालाखाली घेतले, डोळे मिटले, झोपल्यासारखं केलं. प्रेमिला बघत होती. डोळे उघडून त्यांनी दोन संत्र्यांमधल्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. रोज अंथरूण सारखं करावं तसा, सावकाश. घरी तिथं ती झोपायची.

"ग्याप," रुपराव म्हणाले.

 सिस्टरच्या सुया थांबल्या होत्या.

सिस्टर उठली. लोकरीचा गुंडा तिनं खुर्चीवर ठेवला आणि इंग्रजीत काहीतरी बोलली. पाणी आणायला जाते, एवढं प्रेमिलाला कळलं. पाण्याचा जग तर टेबलावरच होता, काठोकाठ भरलेला. सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर जाऊन तिनं दार ओढून घेतलं. तिची पावलं व्हरांड्यात दूर जात राहिली.

रुपराव लगेच पोरीजवळ सरकले.

"गेली ते. बोल वं आता. लवकर बोल, येईनच ते वापस."

प्रेमिलानं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हुंदका फुटला. तिनं बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. मूठभर कापड धरून ती रडत राहिली, थांबेचना. रुपराव तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दाराकडे बघत होते. शेवटी त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"रडू नको माय," ते म्हणाले. "रडणं तं आपल्याले तिच्यासमोरही जमते. आता बोलून घे."