आबांचा होकार

“आबा हो म्हणाले होते,” प्रतीक्षा म्हणाली आणि तेराव्याच्या पंगतीतले हात ताटातच थांबले.

बाबांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. “कशाला हो म्हणाले होते?”

“मला पालघरच्या आयटीआयमध्ये फिटरला घालायला. फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे.”

“झालं! बारा दिवस मी कॉमर्स, बँक, पंख्याखालची नोकरी म्हणून घसा कोरडा केला. आणि हिनं थेट वरून वशिला आणला.”

पंगत खळखळून हसली. खंडेराव आबांच्या तेराव्याला लोक हसणार नाहीत तर कुठे हसणार? आबा म्हणजे कुंभवलीतलं चालतंबोलतं स्नेहसंमेलन. साताऱ्याकडून तरणेताठे आले, कारखान्यात तीस वर्षं कॉम्प्रेसरवर काढली आणि निवृत्त झाल्यावर ओट्यावरच्या बाकड्यावर जे बसले, ते अख्ख्या आळीचे आबा होऊनच. टीव्हीचा आवाज बंद करून मालिका लावायचे आणि सासूचे, सुनेचे, खलनायकाचे संवाद स्वतः घालायचे. खिडक्यांना पोराटोरांची झुंबड! फोन आला की मात्र आजीच्या हातात. “इंदू, तूच बोल. ज्यात हातवारे नाहीत ते कसलं आलंय बोलणं!” घरात ते एकदा सुरू झाले की दुसऱ्या कुणाची डाळ शिजायची नाही.

प्रतीक्षा तर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. वर्षापूर्वी पाहुणे आले की ती दारामागे लपायची. आबांनी तिला रोज ओट्यावर उभं करून विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावलं. ती वाचायची, आबा टकामका तिच्या तोंडाकडे बघायचे आणि धडा संपला की टाळ्या. आता पन्नास माणसांसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

“खरंच हो म्हणाले, की उगाच मान डोलावली?” बाबांनी विचारलं.

“मान डोलावली आणि ‘हो’ पण म्हणाले. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत!”

“इंद्रजीता, खंडूचा हो म्हंजे हो,” आबांचे जुने दोस्त धर्माजी पंगतीतून म्हणाले. ते इथलेच, खाडीकडचे. “भावाशी जमिनीवरून वाद झाला तवा मी कोर्टात चाललो होतो. आदी त्याला सांगितला. दोन तास! डोल्याला डोला लावून ऐकत व्हता. मदी एक सबूद नाय. आनि शेवटाला ‘नाय’ म्हनला. आमी नाय गेलो कोर्टात. ह्यो बग भाव, माज्या बाजूला बसून लाडू खातो हाय.”

“तिसरा हाय त्याचा,” भाऊ म्हणाला. “माजा दुसराच.”

“माझ्या सुनेला नोकरीवर पाठवू का, तेही मी आबांनाच विचारलं होतं,” शेजारच्या मंदाकाकू म्हणाल्या. “काय काय बोलले मी सुनेबद्दल, देवाला माहीत. पण आबांच्या पोटातलं कधी ओठांवर आलं नाही. असा ऐकणारा माणूस आता मिळायचा नाही.”

मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त सगळ्यांना ऐकू जाईल इतका. “वाईट वाटतं ते इंदुबाईंचं. जन्म आबांच्या सावलीत गेला. कधी चार माणसांत बोलल्या नाहीत. आता कसं व्हायचं त्यांचं?”

आजी दारात बसून पानांना चुना लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

बाबा तिच्याकडे वळले. “आई, तू होतीस का तेव्हा?”

“होते की,” आजी म्हणाली. “बाकड्यावर त्यांच्या शेजारीच मेथी निवडत होते.”

“मग? म्हणाले हो?”

“म्हणाले.”

बाबांनी एकदा आबांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही आबा कुणाची तरी फिरकी घेतल्यासारखे हसत होते. माझ्या पोरीनं तेलाग्रीसात हात घालायचे नाहीत, हे बाबांनी बारा दिवसांत बारा वेळा सांगितलं होतं. आज तेराव्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.

“आबा म्हणाले असतील तर माझं काय चालणार? भर उद्या फॉर्म.”

प्रतीक्षानं जी आरोळी ठोकली ती कारखान्याच्या भोंग्याला लाजवणारी होती. धर्माजींनी त्या आनंदात चौथा लाडू उचलला.

दुपार उतरली, पाहुणे पांगले. मोरीपाशी आजी पातेली घासत होती आणि प्रतीक्षा विसळत होती. विसळत कसली, पळीनं ताल धरत होती.

“एक लक्षात ठेव,” आजी म्हणाली. “कारखान्यात गेलीस की कानात बोळे घालायचे. पहिल्या दिवसापासून. गरम होतंय, खाज सुटते, काही ऐकणार नाही मी.”

“अगं, अजून फॉर्म तरी भरू दे! आबा घालायचे का बोळे?”

“त्यांना कुणी दिलेच नाहीत.” आजीनं पातेलं पालथं घातलं. “शेवटची सोळा वर्षं ढग गडगडलेलासुद्धा ऐकू आला नाही त्यांना. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला.”

पळी थांबली. प्रतीक्षाला ओटा आठवला, विज्ञानाचे धडे आठवले, धर्माजींचे दोन तास आठवले.

“पण मग… मला ‘हो’ कसं म्हणाले?”

“एकदा पाय दाबला की हो, दोनदा दाबला की नाही,” आजीनं पुढचं पातेलं ओढलं. “धर्माजीच्या वेळी मला दोन तास विचार करावा लागला. तुझं बोलणं अर्ध्यावर होतं, तेव्हाच मी दाबून मोकळी झाले होते.”