सिंधूचं फेफरं

सन १९६१. भिलाईतल्या पोलाद कारखान्याच्या, सेक्टर दोनमधल्या क्वार्टरांना अजून नव्या चुन्याचा वास होता. त्यातल्याच एका क्वार्टरात गयाबाईनं ठरवून टाकलं होतं, की सुनेला तुमसरला माहेरी पोचवायचं. कायमचं.

"फेफरं हाय तिले," ती शेजारच्या मैनाबाईला म्हणाली. "मायबापानं लपवून माह्या पोराच्या गळ्यात बांधली."

"पडते का खाली? फेस येते तोंडाले?"

"पडत नाही, तेच तर! लय हुशार फेफरं हाय."

मैनाबाई तोंडाला पदर लावून हसली. गयाबाई हसली नाही. तिनं सारं डोळ्यांनी पाहिलं होतं. कारखान्याच्या कोक ओव्हनकडून, त्या कोळशाच्या भट्ट्यांकडून, जळका वास आला, की पोरीला काहीतरी होई. आत्ता परातीत कणीक मळत असलेली सिंधू क्षणात शेजारी उभी दिसे, गयाबाईच्या दंडाला गच्च धरून. "आत्याबाई, आत्याबाई" चाललेलं. डोळे पाण्यानं भरलेले. परवा तर दूध उतू गेलं, चूल विझली, अन् ही बाई दुधाकडे न बघता सासूचा हात धरून उभी! एकदा तिनं गयाबाईच्या हातची विळीच ओढून घेतली होती.

मुलगा टिकाराम कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसवरून दमून येई. त्याला यातलं काही दिसलं नव्हतं.

"काय होते तुले?" त्यानं बायकोला विचारलं.

"मले काही होत नाही."

"मंग आईले कावून धरतं?"

सिंधूनं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पाहा, बोलतही नाही," गयाबाई म्हणाली.

"ठीक हाय," टिकाराम म्हणाला. "प्लांटच्या डॉक्टरले दाखवू. त्यानं फेफरं म्हणून लिहून देल्लं, तर मी स्वतः तुमसरले सोडून येतो."

सिंधूचा चेहरा उतरला. गयाबाईनं मात्र ठेवणीतलं लुगडं काढलं.

डॉक्टर रायपूरचे, मराठी निघाले. गयाबाईनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते मध्ये न बोलता ऐकत होते. सिंधूला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ती नुसती सासूकडे बघत राहिली.

"इथंही येते का हो तुमच्याकडं त्या कोक ओव्हनचा वास?" गयाबाई नाकाला पदर लावत म्हणाली.

डॉक्टरांनी हवा हुंगली. खिडकी बंद होती. खोलीत फिनाईलचा वास होता.

आणि तेवढ्यात झालंच. सिंधूनं दंड धरलेला, डोळे भरलेले. डॉक्टरही खुर्ची सोडून जवळ आलेले, हातात घड्याळ. गयाबाईच्या मांडीवर पाण्याचा पेला कलंडला होता.

"पायलं ना?" गयाबाई विजयानं म्हणाली. "पायलं ना आता?"

"पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं तुम्ही आलात. आता जरा बाहेर बसा. टिकाराम, तू थांब."

पडद्यापलीकडून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "फेफरं आहे, टिकाराम. माणूस दर वेळी पडतोच असं नाही. कधी नुसती नजर थांबते, ओठ चाळवतात, मिनिटभरानं सगळं पूर्ववत. भूत नाही, ढोंग नाही, आजार आहे. गोळी रोज द्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. आणि विस्तवाजवळ एकटं सोडायचं नाही."

बाकावर बसलेल्या गयाबाईनं समाधानानं मान हलवली. डॉक्टरनं तर लिहूनच दिलं होतं.

पुढं टिकाराम फोरमन होऊन रिटायर झाला. मैनाबाईनं जवळच्या उतई गावाला घर बांधलं आणि शेवटपर्यंत त्या हुशार फेफऱ्याची गोष्ट सांगून लोकांना हसवलं. सिंधूला दोन मुली झाल्या. ती तुमसरला गेली ती फक्त राखीला आणि लग्नकार्याला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली ती गोळी तिनं पुढची बावीस वर्षं रोज सकाळी, एकही दिवस न चुकवता, पाण्याच्या पेल्यासोबत आपल्या हातानं दिली. गयाबाईला.