तिसरीतली जागा

मुख्याध्यापिकांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक प्रवेशाचा अर्ज होता. दुसऱ्यावर टाइप केलेल्या चारच ओळी. मुलगी जिन्यावरून घसरली, तिचा कान कठड्यावर आपटला, हे मी स्वतः पाहिले.

"तिसरीत एक जागा झालीये, मावशी," त्या म्हणाल्या. "लेकीसाठी दोन वर्षं मागे लागला होतात ना? फी माफ. दोन्ही कागदांवर सह्या करून उद्या आणा."

मावशीने जे पाहिलं होतं ते वेगळंच होतं. ती व्हरांडा पुसत होती. तिसरीच्या वर्गाचं दार उघडं होतं. सातचा पाढा अडला आणि बाईंचा हात उठला. एकदाच. मुलगी रडली नाही. कान धरून नुसती उभी राहिली, कुणी हाक मारावी आणि कुठून ते कळू नये तशी. मावशीनेच तिला बेसिनपाशी नेलं. कानातून रक्ताची बारीक रेघ आली होती. आता त्या कानाला ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. आईबापांनी तिला शाळेतून काढलं आणि तक्रार केली. चौकशीची माणसं दोन दिवसांत येणार होती.

घरी नवरा शिवणयंत्रावर बसला होता. त्याला लिहिता येत नसे. गिऱ्हाइकांची मापं तो खुणांनी ठेवायचा, कॉलरला गोल, बाहीला रेघ. लेक शिकली की ती लिहील, असं म्हणता म्हणता तिसरं वर्ष चाललं होतं. तिच्या सरकारी शाळेत तीन इयत्ता एका खोलीत बसत. गुरुजी एकच, आणि त्यांनाही अर्धा महिना कुठली ना कुठली गणती. लेकीला अक्षरं ओळखता येत, शब्द नाही.

मावशीने त्याला सगळं सांगितलं.

"आपले गुरुजी कुणाला बोटसुद्धा लावत नाहीत," ती म्हणाली.

"लावायला शाळेत असतात कुठे?" त्याने तळहाताने चाक थांबवलं. "तू सही नाही केलीस, तर तिचा कान परत येणार आहे का?"

"नाही."

"तुझी नोकरी राहणार आहे?"

ती यंत्राखालच्या चिंध्या गोळा करू लागली.

"मग दुसऱ्याच्या पोरीसाठी आपल्या पोरीला आंधळी ठेवायची?"

"तिची आई आज फाटकाशी भेटली. म्हणाली, मावशी, तुम्ही तिथंच होतात ना?"

"मग?"

"खाली मान घालून फरशी पुसत होते म्हटलं."

सकाळी तिने सह्या केल्या. चौकशीला दोघं आले. चहा प्याले. "स्वतः पाहिलंत?" एकाने विचारलं. ती "हो" म्हणाली. कागद फाइलीत गेला. प्रकरण मिटलं.

सोमवारी लेक नव्या गणवेशात उभी राहिली. बापाने तो स्वतः शिवला होता, इस्त्री दोनदा फिरवली होती. शेजारच्या चार घरांत बातमी सांगून झाली होती. तिला पाहून त्याचे डोळे भरून आले.

"पहिल्या बाकावर बस हं," तो म्हणाला. "म्हणजे बाईंचं सगळं नीट ऐकू येईल."

मायलेकी शाळेत पोचल्या. तिसरीच्या दाराशी लेक हात सोडवून पळायला लागली. मावशीने तिला मागे ओढलं, गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"शेवटच्या बाकावर बस. आणि पाढा अडला तर बाईंचा हात पोचेल इतकी जवळ जाऊ नकोस."