बंद स्कूटरचं वळण

वॉटर स्कूटर शिकवण्यात त्याची हयात गेली होती. पण मेहुणीला शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. लाइफ जॅकेट घालून तो तिच्या मागे बसला आणि इंजिनाची लाल दोरी त्याने तिच्या मनगटाला अडकवली.

"तू पडलीस की ही दोरी निघते आणि इंजिन बंद. आणि कितीही घाबरलीस तरी रेस सोडायची नाही. रेस नसेल तर हँडल कसंही फिरव, स्कूटर वळत नाही."

"शंभरदा सांगितलंत, भावोजी!"

सांगून कुणाला पटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून भर तळ्यात नेऊन तो स्वतःच दोरी उपटायचा. आजही उपटली. इंजिन गप्प झालं.

"आता वळव बघू."

स्कूटर वळली.

वारा पडलेला होता. पाण्यावर साधा तरंग नव्हता. आवाज न करता, सफाईदार वळण घेत ती किनाऱ्याकडे पाठ करून खोल पाण्याकडे निघाली.

"वळली की हो!" मेहुणी खिदळली. "पण आता हँडल सोडा ना, मला धरू द्या. किती गार पडलेत तुमचे हात!"

त्याचा एक हात मागच्या कडीवर होता. दुसऱ्यात लाल दोरी होती.