टिश्यूंचा डबा

संगीतोपचाराच्या माझ्या खोलीत एक नवे काका आले. बायको वारल्यापासून त्यांना रडूच येत नव्हतं. "एखादं गाणं ऐकून तरी येईल, असं मुलगी म्हणते," ते म्हणाले. मी त्यांचा काळा रंग पाहिला, परमुलखातलं आडनाव वाचलं आणि कपाटातला सगळ्यात मोठा ड्रम काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"वाजवा की, काका! तुमच्या लोकांच्या तर रक्तातच ताल असतो."

"माझ्या रक्तात साखर सापडलीये," ते म्हणाले. "आमची ही पियानो वाजवायची. मी नुसता ऐकायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्याच आठवड्यात मी वंशभेदावर व्याख्यान ठोकून आले होते, वर टाळ्याही घेतल्या होत्या! मी माफी मागितली. मग माझी शाळा, माझे संस्कार, माझे आजोबा, सगळ्यांच्या वतीनं मागितली. मागता मागता माझाच बांध फुटला. काकांनी ड्रम बाजूला सारला, पेशंटसाठी ठेवलेला टिश्यूंचा डबा माझ्याकडे सरकवला आणि वेळ संपेपर्यंत माझं सगळं निमूट ऐकून घेतलं. कोपऱ्यातला पियानो झाकलेलाच राहिला.

दाराशी मी नाक पुसत म्हणाले, "थँक्यू, काका. फार मोकळं वाटलं."

"वाटणारच," ते म्हणाले. मग जरा अवघडून त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी मी रडलो तर चालेल का?"